सात पानांचा गुलाब

चावीआबा बंद घराचं कुलूप काढण्याआधी तीनदा खाकरायचे. आत चिटपाखरू नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. तरी खाकरायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच कुलपाला हात लावायचे. "आत कोण आहे ऐकायला?" असं मी पहिल्याच दिवशी हसून विचारलं होतं. ते हसले नाहीत. "घर बंद आसा म्हणान रिकामा नसता, गो बाय," ते म्हणाले, "आपण येतंव ता आधी सांगूक होया." मी घाटावरची, असल्या गोष्टींना न जुमानणारी. पण त्यानंतर त्या घरात एकटी शिरताना माझं हसू बाहेरच राहायचं.

वेंगुर्ल्याच्या त्या आवाटात, म्हणजे वाडीत, नऊ घरं बंद होती. मालक मुंबईला. गणपतीला यायचे, कधी मे महिन्यात यायचे, आणि बाकी वर्षभर चाव्या आबांकडे. सगळ्या एका सुतळीत ओवून त्यांनी कमरेला लावलेल्या असायच्या. उभं आयुष्य आंब्याची कलमं बांधण्यात गेलेलं. म्हातारपणी ही घरं सांभाळायचं काम अंगावर आलं. तुळशीपुढे दिवा लावायचा, पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, झाडायचा, कुंड्यांना पाणी घालायचं. वाटेवर आधी चाव्यांचा आवाज यायचा, मग खोकल्याचा, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने आबा यायचे. खाकरणं कुठलं आणि छातीतला खोकला कुठला, हे मला पुढे पुढे ओळखू येईनासं झालं.

कचेरीतल्या बदलीमुळे मी तिथे गेले आणि त्या नऊ घरांपैकी चढणीवरचं शेवटचं घर भाड्याने घेतलं. मालकांनी फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली. "झाडं तेवढी बघा हं. आईची आहेत."

आबांनी दार उघडलं आणि मी पडवीत पाऊल टाकलं. चार महिने बाहेर पाऊस कोसळून गेला होता, विहीर काठोकाठ भरली होती, आणि छपराखालच्या या कुंड्या मात्र ठणठणीत कोरड्या. नेच्याची तपकिरी केरसुणी झालेली. मनीप्लांट ग्रीलला सुतळीसारखा लटकलेला. क्रोटनवर तीन पानं. कोपऱ्यात सगळ्यात मोठ्या कुंडीत गुलाबाची एक काळपट काटकी उभी होती. माती कुंडीपासून सुटून मध्ये बोटभर भेग पडली होती. मी आबांकडे पाहिलं. "बरी आसत," ते म्हणाले, आणि विहिरीकडे बघत राहिले.

मला त्यांचा राग आला. धडधडीत खोटं बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. नंतर कळलं की शिमग्यापासून त्यांना दम लागत होता. पाच-सहा घरं कशीबशी व्हायची, चढण चढवत नव्हती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चाव्या परत घेतील याची त्यांना भीती होती. घरी त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. त्या नऊ चाव्या हाच त्यांचा गोतावळा.

दर रविवारी सकाळी त्यांच्या बटणाच्या फोनवर मुंबईहून काकींचा फोन यायचा. काकी म्हणजे माझ्या घरमालकांची आई. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मुलाने मुंबईला नेलं, ती तिथेच अंथरुणाला खिळली, आणि यंदा गणपतीलाही हे घर उघडलं नाही. तिचा प्रश्न ठरलेला. "गुलाब कसो आसा?" आबांचं उत्तर ठरलेलं. "बरो आसा." मग ती म्हणायची, "फुललो काय सांगा. मगे मी येतंय." मालक मला एकदा म्हणाले, की आई आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, रविवारी मात्र केस विंचरून मागते आणि दोन घास जास्त जेवते. तो गुलाब फिक्या रंगाचा, वासाचा होता. त्याचं कलम आबांनीच तिला बांधून दिलेलं. आणि वर्षभर ते तिला सांगत होते की तो बरा आहे.

"खरं सांगून टाका ना," मी म्हटलं.

"तिचो जीव त्या कुंडीत आसा. कुंडी गेली काय…" आबांनी वाक्य पुरं केलं नाही. पुढेही कधी केलं नाही.

मग मी पदर खोचला. आयुष्यात कोथिंबिरीची जुडी आणण्यापलीकडे हिरव्या गोष्टींशी माझा संबंध नव्हता, पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून मी स्वतःला जाणकार समजू लागले. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे पाणी आणि वर मूठमूठ खत. आठ दिवसांत नेचा कुजला. क्रोटनची तीन पानं गळली. पडवीत साचलेल्या पाण्याचा आंबूस वास भरून राहिला. आबांनी येऊन कुंडी आडवी केली, खालचं बुजलेलं भोक केरसुणीच्या हिराने मोकळं केलं. काळं पाणी बराच वेळ गळत होतं. "उपाशी माणसाक पयल्याच दिवशी जेवणावळ घालशीत?" एवढंच ते म्हणाले.

त्यांची शिकवण्याची रीत न बोलण्याची होती. "आधी बग. मगे नख लाव. पाणी सगळ्यात मगे." फांदीच्या शेंड्यापासून सुरुवात करायची, अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायची, तपकिरी लागलं की खाली सरकायचं, हिरवं लागलं की थांबायचं. तिथून वरचं छाटून टाकायचं. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ओल बघायची. मी मनीप्लांट छाटला, कोरफड नव्या मातीत लावली, मेलेल्या अबोलीच्या बुडाशी एक हिरवा ठिपका सापडला तेव्हा पडवीत नाचले. आबा नख लावायचे तेव्हा डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो तसे. सगळ्या कुंड्यांना त्यांनी नख लावलं, फक्त गुलाबाकडे जायचे नाहीत.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गुलाबाच्या बुडातून कोंब आले. बघता बघता हातभर वाढले. हिरवेगार, तजेलदार, काट्यांनी भरलेले. मी हरखून आबांना ओढत नेलं. ते वाकले, कोंब जिथून निघाला होता तिथे बोट फिरवलं, वरच्या गाठीला बोट लावलं, आणि उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बरो आसा," ते म्हणाले. मला वाटलं, वाकल्यामुळे दम लागला.

त्या रविवारी काकींचा फोन मी आबांच्या हातून घेतला. म्हटलं, ही बातमी मीच देणार. "काकी, तुमचा गुलाब हातभर फुटलाय!"

"खरा?" तिचा आवाज उजळला. मग तिने विचारलं, "एका देठार पानां किती आसत गो?"

मी पळत जाऊन मोजली. "सात! सगळ्या देठांवर सात-सात."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग ती हळूच म्हणाली, "बरा. झाडाक जप," आणि फोन ठेवला. मागे वळून पाहिलं तर आबा पायरीवर बसले होते.

बुधवारी मालकांचा फोन आला. आई तीन दिवस जेवलेली नाही, गावाहून कुणी काही बोललं का? मी तशीच आबांकडे धावले.

आबा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला कुंडीपाशी बसवून दाखवलं. गाठीच्या खालचा तो खुंट, ज्यावर कलम बांधतात तो, रानटी गुलाबाचा. त्याची पानं सात. गाठीच्या वरचं ते काकींचं कलम. त्याची पानं पाच. फुटला होता तो खुंट. मी प्रेमाने पाणी घालून रान वाढवत होते आणि तिचा गुलाब वरच्यावर वाळत होता. "ती कलमां बांधणाऱ्यांच्या आवाटातली. तिका कळतलाच," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी गुलाबाच्या काटकीला नख लावलं. तपकिरी. खाली तपकिरी. त्याखाली तपकिरी. गाठीच्या वर दोन बोटांवर ते थांबले. तिथे हिरवी रेघ होती आणि तिच्यावर मसुराच्या डाळीएवढा एक फुगवटा.

"ह्यो डोळो जितो आसा," आबा म्हणाले. "ह्यो काढून खुंटार भरूक होया. आता खराच करूया." मग हात पुढे करून दाखवले. "पण माझे हात कापतत. तू भर."

डोळा एकच होता. चुकलं तर दुसरा नव्हता. पाच दिवस आबांनी मला नको असलेल्या कोंबांवर सराव करायला लावला. सालीला उभा छेद, वर आडवा छेद, साल पुस्तकाच्या पानासारखी उचलायची, आतलं लाकूड दुखवायचं नाही. रोज सकाळी ते काटकीला नख लावायचे, आणि रोज तपकिरी रंग तांदळाएवढा खाली उतरलेला असायचा. मुंबईला काकी चमच्याने पेज घेत होती, तीही कधी घेत होती, कधी नाही. ओटीवर बसून आबा खोकायचे आणि मी कोंब कापायचे. सहाव्या दिवशी ते म्हणाले, "आज. उद्या नाय."

मी कापलं. हात माझा, पण मनगटावर त्यांची बोटं होती, थंडगार. डोळा सालीत सरकला. दुधाच्या पिशवीची पट्टी कापून त्यांनी ती गुंडाळायला लावली. "आता एकवीस दिस पट्टी सोडून बगूचा नाय. बगलंस तर डोळो गेलो."

नऊ दिवस ते रोज आले. चढणीवर तीनदा बसत आले. दहाव्या दिवशी त्यांनी सुतळीतून माझ्या घराची दुसरी चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडे रवांदे."

"आबा, तब्येत कशी आहे?"

"मी बरो आसंय."

हा शब्द आता माझ्या चांगल्या ओळखीचा होता. कोरड्या कुंड्यांबद्दल तो मी ऐकला होता, गुलाबाबद्दल ऐकला होता. मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं, हातापाया पडले. "गुलाब लागलो काय जावया," म्हणाले. मी ऐकलं. रिक्षा बोलावून त्यांना त्यात घालायला हवं होतं. मी पट्टीवर नजर ठेवून दिवस मोजत बसले. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

सतराव्या दिवशी कचेरीत निरोप आला. सकाळी शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, तर आतून खोकला आला नाही. संध्याकाळी मी चढण चढून घरी आले. आवाटात कुठेच चाव्यांचा आवाज नव्हता. स्वतःच्याच दारापुढे मी थांबले, तीनदा खाकरले, आणि मग कुलूप काढलं.

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. डोळ्याच्या वरचा खुंट मी आबांनी सांगून ठेवल्याप्रमाणे छाटला आणि वाट पाहत बसले. शिमग्याच्या आधी लालसर कोंब बाहेर आला, आणि पानं उलगडली. मी तीन वेळा मोजली.

मालकांनी आईला आबा गेल्याचं सांगितलं नव्हतं. आबांचा फोन बिघडलाय, म्हणाले होते. तुम्हीही काही बोलू नका, असं मला बजावलं होतं. कोंब फुटल्याचं मी त्यांना कळवलं, आणि त्या रविवारी फोन माझ्या मोबाइलवर आला. काकींचा आवाज अगदी खोल गेला होता. "पानां किती गो?"

"पाच, काकी. पाचच."

ती रडली. रडता रडता हसली. "फुललो काय मी येतंय," म्हणाली, आणि माझेही डोळे वाहू लागले, कारण त्या गुलाबाबद्दलची चांगली बातमी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खरी होती.

मग ती म्हणाली, "आबा खंय आसत? कसे आसत?"

मी खाकरले. मालवणी मला कधी धड आली नाही, पण ते दोन शब्द माझ्या तोंडून अगदी आबांच्या आवाजात निघाले.

"बरे आसत."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. सात पानं सांगितली होती तेव्हा आला नव्हता, तसाच.