डाव्या हाताचं धनुष्य

इर्या बारा वर्षांची झाली त्या वर्षी तिच्या वडिलांनी, आर्वोंनी, भावाचं जुनं लाकडी धनुष्य खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. भाऊ राऊनो तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, खांद्याने रुंद. धनुष्याची ओढ पंचेचाळीस पौंडांची, म्हणजे दोरी मागे खेचायला तेवढा जोर लागायचा. शिकारीच्या झोपडीसमोर वडील, दोन काका आणि राऊनो कॉफीचे मग घेऊन उभे राहिले आणि इर्याने दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि थांबली. दात आवळून, पाठ वाकवून तिने आणखी दोनदा ओढून पाहिलं. काका हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. वडील म्हणाले, "ताकद यायची तेव्हा येईल," आणि धनुष्य परत खुंटीला लागलं.

ताकद आली की नाही हे पुन्हा कोणी विचारलं नाही. पुढची पंधरा-सोळा वर्षं इर्या दर शरदात त्या झोपडीत जात राहिली ती स्वयंपाकाला. मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या भाजायच्या, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायची, ओले मोजे दोरीवर वाळत घालायचे. हरणाचं धनुष्य आपल्याला झेपत नाही, हे तिने डोळ्यांचा रंग मान्य करावा तसं मान्य करून टाकलं होतं.

मग तिचं लग्न झालं. नवरा डेनिस लेक सुपीरियर सरोवरातून लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांवर आचारी. मार्चला गेला की जानेवारीला घरी. इर्या शाळेची बस चालवायला लागली. त्या बस डेपोत हेझेल नावाची साठीची एक चालक होती, अंगाने काडी, इर्याच्या खांद्याला लागेल इतकी. ती दर वर्षी एक हरिण मारायची.

इर्याने एकदा विचारलं, "तुम्हाला ओढवतं कसं?"

हेझेल म्हणाली, "मला ओढवेल तेवढ्याच ओढीचं घेतलंय. बूटसुद्धा पाय मोजून घेतेस ना? की भावाचे घालतेस?"

हेझेलच्या हलक्या धनुष्यावर इर्या शिकली. एकतिसाव्या वर्षी तिने पहिलं हरिण मारलं आणि ट्रकमध्ये घालून सरळ वडिलांच्या दारात नेलं. आर्वो तेव्हा काठी टेकत चालायचे. त्यांनी हरणाभोवती एक फेरी मारली.

"कोणी मारलं?"

"मी."

त्यांनी वाकून जखम पाहिली. "बाण थोडा मागे लागलाय," म्हणाले, आणि आत जाऊन स्वतःची सुरी घेऊन आले. दोघांनी मिळून ते सोललं. कामापुरतंच बोलले. पुढच्या वसंतात आर्वो गेले. ते आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं इर्याला कधीतरी वाटायचं. पण त्यांनी सुरी आणली होती, हेही ती विसरली नव्हती.

तिची मुलगी सिग्ने. आठव्या वर्षी तिला बाजारातलं पोरांचं धनुष्य आणलं होतं, दहा पौंडांचं. दोन वर्षांत ते खेळणं झालं. अकराव्या वर्षी तर पोर अशी वाढायला लागली की नाताळात घेतलेली पँट ईस्टरला घोट्याच्या वर. हात लांब, कोपरं टोकदार, दारातून जाताना चौकट आहे हे तिला धडकल्यावर कळायचं. त्या उन्हाळ्यात तिने सांगून टाकलं, "आई, मला हरणाला जायचंय. खरं धनुष्य पाहिजे."

इर्याच्या मनात हिशेब सुरू झाला. धनुष्य मापाचं घ्यावं तर वर्षभरात लहान होणार. दर वर्षी नवं घ्यायला डेनिस जहाजाचा मालक नव्हता.

हे राऊनोच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी तो ट्रकमधून एक चाकांचं धनुष्य घेऊन उतरला. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, मोठ्या माणसाचं, कोणाच्या तरी गॅरेजच्या विक्रीत मिळालेलं.

"चाळीस डॉलर," तो म्हणाला. "फुकट म्हण. साठ पौंडांचं आहे, स्क्रू सैल करून पंचेचाळीसवर आणलंय."

इर्याने ते हातात घेऊन पाहिलं. "आणि लांबी? ही दोरी तिने कुठवर ओढायची, कानामागे?"

"वाढत्या अंगाला थोडं मोठंच घ्यायचं असतं. कोट नाही का घेत? बाह्या दुमडायच्या."

"धनुष्याच्या बाह्या दुमडता येत नाहीत, राऊनो."

"मग वाट बघा. ताकद येईल तेव्हा येईल."

बोलणाऱ्याला आपण कोणाचं वाक्य बोललो हे कळलंही नाही. इर्याला कळलं. तिने धनुष्य शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवलं आणि सिग्नेला बजावलं, "त्याला हात लावायचा नाही." मग भावाला जेवून जा म्हणाली. भांडण तिने जिभेवर आलेलं गिळलं. पुढे तिला वाटलं, तेव्हाच भांडले असते तर बरं होतं.

चार दिवसांनी दुपारची फेरी संपवून ती घरी आली, तर सिग्ने शेडच्या पायरीवर बसलेली. डावा हात मांडीवर, मनगटापासून कोपरापर्यंत निळा-जांभळा. शेजारी धनुष्य: दोरी खालच्या चाकावरून उडालेली, वरच्या दांडीला उभी चीर. बाण न लावताच तिने दोरी ओढली होती. अर्ध्यावर आली आणि बोटांतून निसटली. बाण नसला की दोरीचा सगळा जोर धनुष्यातच उतरतो. चीर दांडीला गेली, डोळ्याला काही झालं नाही, हे नशीब.

इर्याने आधी हात दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. मग बर्फाची पिशवी बांधली. 

"मामाला सांग, परत घेऊन जा म्हणावं," सिग्ने म्हणाली. "माझ्यात ताकद नाहीये. मला नको हरिणबिरिण."

"हात लावू नको म्हटलं होतं, ते ऐकलं नाहीस. महिनाभर सायकल बंद," इर्या म्हणाली. "आणि ताकदीचं म्हणशील तर ते मी ठरवत नाही, तू ठरवत नाहीस आणि मामा तर मुळीच ठरवत नाही. शनिवारी लायलकडे जाऊ."

लायल ट्रेव्हॅरोचं दुकान गावाबाहेर, गळाचं सामान विकणाऱ्या टपरीला लागून. माणूस सत्तरीचा, बोलणं कमी, गळ्यात कायम मोजपट्टी. राऊनोही मोडकं धनुष्य घेऊन बरोबर आला. दुरुस्त होतं का बघू म्हणाला. खरं तर भाचीचा हात पाहिल्यापासून त्याला घरी बसवत नव्हतं.

लायलने चीर पाहिली आणि धनुष्य कोपऱ्यातल्या पिंपात टाकलं. "हे आता चुलीलाही नको," एवढंच म्हणाला. मग सिग्नेला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं. या बोटापासून त्या बोटापर्यंत पंचावन्न इंच. "म्हणजे बावीस इंच खेच. दोरी तेवढीच मागे येणार हिची. ते एकोणतीसचं होतं. पोरीला शिडीवरच चढवलं होतंत तुम्ही."

राऊनो टोपीशी चाळा करायला लागला.

"आता दोन्ही हात पुढे कर. दोन अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये भोक ठेव. त्या भोकातून माझं नाक बघ. दोन्ही डोळे उघडे." सिग्नेने पाहिलं. भोकातून लायलला तिचा डावा डोळा दिसला. पुन्हा करायला लावलं, पुन्हा डावाच.

"ही लिहिते कुठल्या हाताने?"

"उजव्या," इर्या म्हणाली.

"डोळा डावा आहे तिचा. नेम डोळा धरतो, हात नाही. उजव्या हाताने दोरी ओढत राहिली तर बाण जन्मभर बाजूला जातील. अजून कोवळी आहे. डाव्या हाताने शिकवा, वर्षभरात बसेल."

"मग माझे का नाही गेले बाजूला?" राऊनोने मध्येच विचारलं. "मी डावा डोळा मिटतो म्हणून?"

"दाखव तुझे अंगठे," लायल म्हणाला. राऊनोने भोक केलं. लायलने पाहिलं आणि मान हलवली. "तुझाही डावाच. चाळीस वर्षं एका डोळ्याने शिकार करतोयस."

सिग्ने हसली. शेडच्या पायरीनंतर पहिल्यांदाच.

इर्याला मात्र हसू येईना. जुनी धनुष्यं तिने दारातून येतानाच न्याहाळली होती, परवडतील अशी चार-पाच. ती सगळी उजव्या हाताची. तिने तसं विचारलंच. "लायल, डाव्या हाताचं जुनं तुमच्याकडे येतं का कधी?"

"दहा वर्षांत दोन आली असतील." तो भिंतीपाशी गेला आणि वरच्या ओळीतून एक धनुष्य काढलं. नवंकोरं, वरच्या दांडीवर धुळीची साय. "हे कंपनीने चुकून डाव्या हाताचं पाठवलं. अडीच वर्षं भिंत धरून बसलंय. स्क्रू पिळला की दहा पौंडांपासून साठपर्यंत जातं. चाकावरची पट्टी सरकवली की खेच एकोणीस इंचांपासून तीसपर्यंत. पोर वाढेल तसं हे वाढेल. किंमत साडेतीनशे आहे, पण ती उजव्या हाताच्या माणसांना. तू एकशे ऐंशी दे. सहा बाण त्यातच."

इर्याने नवीन वस्तू आयुष्यात फार थोड्या घेतल्या होत्या. ट्रक जुना, बस सरकारी, लग्नातला पोशाखसुद्धा जावेचा. तिने सिग्नेकडे पाहिलं. लायलने ओढ पंधरावर आणून धनुष्य पोरीच्या उजव्या मुठीत दिलं होतं आणि ती डाव्या हाताने, बिचकत बिचकत, दोरी ओढत होती. दोरी हनुवटीपर्यंत आली. सिग्ने तिथेच धरून उभी राहिली. खांदा थरथरला नाही.

"सावकाश सोडून आण," लायल म्हणाला. "नुसती सोडू नको. ते तुला माहीत आहे."

राऊनोने पाकीट काढलं. इर्या नको म्हणाली. तो म्हणाला, "चाळीस तरी घे. चाळीसचं ते धनुष्य मीच आणून घातलं तुमच्या घरात." ते तिने घेतले.

हिवाळाभर शेडमध्ये गवताची गंजी लावून सराव चालला. शाळेतून आल्यावर वीस बाण, दहा पावलांवरून. पहिले दोन महिने डावा हात परका होता. एक बाण खिडकीतून गेला, एक डेनिसच्या होडीत घुसला. इर्याचा नियम एकच: बादलीवर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, दोरी सरळ मागे आली पाहिजे. चार दिवस लागोपाठ जमलं की स्क्रूला अर्धा वळसा, त्याच्या वर नाही. सिग्ने रोज एक वळसा मागायची आणि इर्या रोज नाही म्हणायची. चाकावरची पट्टी वर्षात दोनदा सरकवावी लागली.

पुढच्या ऑक्टोबरात, शिकारीच्या मोसमात, ओढ अठ्ठावीसवर होती. हरणाला चाळीस पाहिजे, असं इर्याचं मत, आणि त्यावर घरात अपील नव्हतं. सिग्ने नुसतीच आईबरोबर झाडीत बसली, थंडीने नाक पुसत. "तुझ्या वयाचा असताना मी..." असं राऊनो सुरू करायचा, तेव्हा सिग्ने दोन्ही हात पुढे करून अंगठे जुळवायची आणि भोकातून त्याच्याकडे बघायची. तो विषय बदलायचा.

त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात ओढ एक्केचाळीसवर गेली. दुसऱ्याच शनिवारी एक मादी अठरा पावलांवर आली. सिग्नेने दोरी ओढली; मादी वळून समोरासमोर उभी राहिली. तसा बाण मारायचा नसतो. सिग्नेने धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि सावकाश दोरी सोडून आणली. मादी निघून गेली. इर्या मागे बसली होती.  दोघी ट्रककडे परतल्या.

महिनाअखेरच्या शनिवारी एक तरुण नर आला, शिंगांची नुसती टोकं फुटलेला. तो आडवा उभा राहिला. बाण गेल्याचा आवाज इर्याने ऐकला, मग पानांत धावणं, मग काही नाही. जखमी हरणामागे लगेच धावायचं नसतं, म्हणून अर्धा तास दोघी जागच्या हलल्या नाहीत. त्यानंतर रक्ताच्या मागावर सिग्ने पुढे चालली. नर साठेक पावलांवर, पडलेल्या झाडाशी होता. सिग्ने त्याच्याजवळ बसली आणि बराच वेळ कानामागच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता काय करायचं?"

"आता खरं काम," इर्या म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

जहाज त्या दिवशी कुठल्याशा बंदरात माल उतरवत होतं, म्हणून डेनिसचा फोन लागला. सिग्ने त्याच्याशी बोलली. तिने जे सांगितलं ते सगळं हरणाबद्दल होतं: कुठून आलं, कसं उभं राहिलं. रात्री इर्याने कांदा घालून काळीज परतलं. राऊनो पाव घेऊन आला आणि तिघं जेवली. सिग्नेने दोनदा वाढून घेतलं, गणिताचा गृहपाठ उघडला आणि टेबलावरच झोपली. इर्याने वही मिटली. सोमवारी पहाटे सहाला तिला बस काढायची होती आणि मध्ये एकच दिवस होता मांस कापून बांधायला.