पिवळी घाण आणि खवल्या मांजर

बायको गेल्यापासून बांधावर टाकलेल्या केळीच्या खांबांकडे मी पाहिलंच नाही. ते कुजले आणि त्यांच्यावर पिवळी घाण चढली, कुत्रं ओकून गेल्यासारखी. फावड्यानं खरवडली तर दुसऱ्या दिवशी हातभर पुढं, ठिबकच्या नळीवर. पाय नाही, तोंड नाही, तरी सरकते. शिसारी आली. बायको असती तर वर राख टाकली असती आणि मलाच चार शब्द ऐकवले असते.

त्याच ढिगात वाळवी होती. ती खायला सातपुड्यातून खवल्या मांजर उतरलं. सकाळी मजुरांनी पाहिलं. माणसं दिसताच त्यानं पोटात तोंड खुपसलं, गोळा झालं. अंगभर मोठाली नखं असावीत तसे खवले, आणि वास मुताडा. देखणं काहीच नाही.

पुतण्या कोयता घेऊन धावत आला. बायको गेल्यावर माझा दोन्ही वेळचा डबा त्याच्याच घरून यायचा, म्हणून त्याला वाटलं मी ऐकेन.

"आबा, खवलास्ले लई भाव शे. सरका!"

त्या गोळ्याकडे पाहून मला बायकोची खाट दिसली. शेवटी शेवटी ती अशीच पोटाशी गुडघे घेऊन पडायची, आणि भेटायला आलेले लोक तिच्यादेखत तिच्या गळ्यातली सोन्याची पोत कोणाला जाणार ते विचारायचे.

केळी भरायचा क्रेट त्याच्यावर पालथा घातला आणि वर बसलो. पोलीस पाटलाला फोन केला, वनखात्याला बोलवा म्हटलं.

"आबा, अंडा उबवी ऱ्हायनात का?" पुतण्या म्हणाला. मजूर हसले.

"हाव. तुनापेक्षा बरं पोर निंघी."

दुपारी वनखात्याची माणसं आली तेव्हाच उठलो. जनावर नेताना त्यातला एक त्या घाणीकडे पाहून म्हणाला, "आबा, ही बुरशी नाही, जनावरही नाही. कुजकं खाते, सरकते. राहू द्या."

राहू द्या म्हणे! एकाच्या अंगभर चिलखत, तरी कोयत्यापुढं त्याचं काही चालत नाही. दुसरा नुसता शेंबूड, पण त्याला कोणी बोट लावत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. उद्या कोणी म्हणालं यानं मूळव्याध जाते, की हीच माणसं नळी चाटून पुसून ठेवतील. त्या घाणीपेक्षा मला यांचीच किळस येते.

संध्याकाळी डबा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बेसन घोटलं, गाठीच गाठी झाल्या. गिळवत नव्हतं. पण मागायला गेलो नाही.