त्याच जागेचं पाणी

कर्णिक साहेब मासे खात नसत. सरकारी जहाज घेऊन दर ऋतूत रत्नागिरीच्या समुद्रात येणारा हा माणूस, आणि धक्क्यावर सुरमईची पाटी समोरून गेली की नाकाला रुमाल लावायचा. माझी लाँच चालवणारा तांडेल हसन म्हणायचा, "शेट, मासे खात नाय, मग दर्यात कशाला मरायला जातो हा?" मलाही तोच संशय होता. मी टोपल्या उचलता उचलता लाँचीचा मालक झालो, तो कुणावर विश्वास टाकून नव्हे.

जहाज मोठं, धक्क्याला लागत नसे. साहेबांना माझ्या होडीतून उतरावं लागे. किडकिडीत अंग, खिशात कायम लिंबू. होडी हलली की ते लिंबू हुंगत डोळे मिटून बसायचे. एकदा मी विचारलं, "साहेब, तिथं काय सापडतं?"

"पाणी."

"ते इथंही आहे."

"इथलं इथलं. तिथलं तिथलं."

असं बोलणारा माणूस माल लपवतो, एवढं मी बाजारात शिकलो होतो.

जहाज दर खेपेला दीपगृहासमोर नेमक्या एकाच जागी थांबायचं. दोराला बाटल्या बांधून खाली सोडायच्या, पाणी भरून वर ओढायच्या, वर्षानुवर्षं तेच. मला वाटलं, मासा तिथंच आहे आणि साहेब ती जागा मुंबईच्या मोठ्या ट्रॉलरवाल्यांना विकणार. मग त्यांच्या आधी आपण का नको? एका वर्षी पावसाळा सरल्यावर मी तळाला बसणारं नवं कोरं जाळं तिथंच सोडलं. घरातलं होतं नव्हतं ते त्या जाळ्यात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जहाज हजर. जाळ्याचा दोर जहाजाच्या पंख्यात सापडला तर मी संपलो. होडी लावून वर चढलो आणि चढतानाच आवाज चढवला, "साहेब, मैलभर सरका."

"नाही."

"अर्धा मैल."

"नाही."

"पाव मैल तरी? पाणीच ना घ्यायचं?"

"जागा बदलली तर मागची सगळी वर्षं वाया जातील. तुम्ही जाळं ओढा. मी थांबतो."

भाव करताना समोरचा तसूभरही हलला नाही, असं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं. दुपारभर ते कठडा धरून ओकत राहिले, पण थांबले.

जाळ्यात आले चार लुळे खेकडे. बाकी काही नाही. हसन माझ्याकडे बघेना. मग साहेबांनी आपलं पाणी काढलं, दोन बाटल्यांत औषध घातलं आणि मला बोलावलं. वरच्या पाण्यात तपकिरी गाळ धरला होता, तळाच्या पाण्यात पांढराच.

"पांढरं म्हणजे तळाशी प्राणवायूच नाही," ते म्हणाले. "पाऊस सरला की इथं असं होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मागच्या साली तसं होतं. यंदा आहे का, ते बघायला आलो."

"मग धक्क्यावर बोलला का नाहीत?"

"मानलं असतंत?"

मानलं नसतं. हा आपल्याला तिथून हाकलतोय, म्हणून आणखी एक जाळं टाकलं असतं. पण सांगायला हवं होतं. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं आणि पुढं कामापुरताच बोललो. शेवटच्या खेपेला होडीतून उतरताना ते म्हणाले, "शेट, माझ्यावर राग ठेवा, पण ती जागा मोकळी ठेवा." मी होडी वळवली. निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेल्याचं जहाजावरच्या खलाशांकडून कळलं.

त्यांच्या जागी आलेले साहेब तरुण, मासे आवडीनं खाणारे, गोड बोलणारे. थंडीत तिथं मासा येतो, म्हणून ते पहिल्यांदा जहाज घेऊन आले त्या दिवशी माझंच जाळं पाण्यात होतं. मी जहाजावर चढून तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "राहू द्या शेट, आम्ही पाणी जरा पुढं जाऊन घेतो."

इतक्या सहज सोडणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

"पुढं कशाला? थांबा," मी म्हटलं आणि हसनला हाक मारली, "जाळं ओढ."

"शेट, अजून भरलं नाय."

"ओढ म्हटलं ना."

कर्णिक साहेबांवरचा राग आजही आहे. तोही मी तसूभर हलू दिलेला नाही.