रोझच्या वडिलांची शेवटची लढत

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या शेजारी रोझ राहायची. सत्त्याऐंशी वर्षांची, ज्यू, एकटी, जिभेची तिखट. आमच्या घरचं वरण चमच्याने पीत म्हणायची, "इंजिनियर, तुला बायको चांगली मिळाली. तिचं नशीब मात्र बघ!" तिचे वडील शंभरेक वर्षांपूर्वीचे बॉक्सर, वेल्टरवेट — म्हणजे मधल्या वजनाच्या गटातले. आपल्या आईला कळू नये म्हणून आयरिश नावाने रिंगमध्ये उतरायचे — आणि घरी यायचे ते काळानिळा डोळा घेऊन. हे सांगताना हसता हसता रोझला ठसका लागायचा.

त्या काळी न्यू जर्सीत पंचांना लढतीचा निकाल द्यायलाच बंदी होती. कोणी आडवा पडला तर ठीक. नाहीतर कोण जिंकलं, ते दुसऱ्या दिवशी पेपरवाले ठरवायचे. आणि त्यांचं एकमत थोडंच होणार? वडिलांच्या शेवटच्या लढतीचं एकच कात्रण रोझकडे होतं. त्यात ते हरलेले. ते मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले — मी जिंकलो होतो. रोझला आता दिसत नव्हतं. "बाकीचे पेपर काय म्हणतात, बघशील? पप्पा थापाडे होते का, एवढंच कळू दे मला."

जुने पेपर लायब्ररीत मायक्रोफिल्मवर होते. अर्ध्या तासाचा ड्राइव्ह. मी हो म्हटलं. मग मंडळाचा गणपती, मग ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज, मग स्नो — काय काय सांगू? तिने चौथ्यांदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "सापडलं." हातात ऑफिसचा कुठलासा कागद होता. त्यात बघून वाचल्यासारखं केलं — दोन पेपर वडिलांच्या बाजूने, दहापैकी सहा राऊंड त्यांचे, आठव्यात समोरचा गुडघ्यावर. इतकं सहज कसं सुचलं मला?

रोझ रडली. माझा हात किती तरी वेळ धरून बसली.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, पुन्हा वाच. मी सातवा राऊंड म्हणालो. "आठवा," ती म्हणाली. तिने पाठ केलं होतं.

तिच्या अंत्यविधीला नातवाने तो आठवा राऊंड सगळ्यांना सांगितला. लोक डोळे पुसत हसले. नातवाने मला मिठी मारली, थँक यू म्हणाला. मी म्हणालो, "एनी टाइम."

तिचे वडील कदाचित खरंच जिंकले असतील. तसं कुठे छापलं असेल, तर ते रोझने कधी ऐकलं नाही. तिने माझं ऐकलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. लायब्ररीत मी अजूनही गेलेलो नाही.