मांजऱ्याचं विष मला माहीत होतं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. आज सांगतेय म्हणून मला पश्चात्तापानं खंगलेली म्हातारी समजू नका. मी दोन वेळा जेवते, नीट झोपते. पण खरं काय घडलं ते सांगायचं राहून गेलंय.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. परतूरला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. बिनलग्नाची, अनसूयाकाकूंच्या घरात एका खोलीत भाड्यानं राहणारी. पावसाळ्याआधी घराच्या मातीच्या माळवदाची डागडुजी करायला गवंडी लतीफचाचा आले, आणि तुळईच्या फटीतून साप खाली पडला. बोटाएवढा जाड, तपकिरी. सगळे ओरडले — फुरसं! चाचांनी मात्र काठी अडवली.

"बाई, हे फुरसं न्हाई. फुरशाचं अंग खरबरीत, ह्याचं गुळगुळीत. डोळे बघा, मांजरीवानी उभी बाहुली. मांजऱ्या हाय हा."

मी तो पाळला. का? आवडला म्हणून. बाईमाणसानं साप पाळू नये असं कुठं लिहिलंय? जाळीची पेटी केली, सुकी फांदी ठेवली, पाण्याची वाटी ठेवली. भिंतीवरच्या पाली पकडून घालायची. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ झाले तेव्हा मी घाबरले. चाचा म्हणाले, ओलं फडकं ठेवा, बाकी हात लावू नका. दर बाजारच्या दिवशी ते त्याला बघून जात.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं — "पुढच्या दातात काही न्हाई, पण मागच्या दाढंत जहर हाये. थोडंच. माणूस मरत न्हाई, पण चावून धरलं तर हात सुजंल. कुणाच्या हातात देऊ नका, बिलकुल."

ऐकलं होतं मी. बराबर ऐकलं होतं.

काकूंची नणंद यमुना माझ्याच वयाची, विधवा. दिवसभर चुलीपुढं. ती दाराशी येऊन उभी राहायची. "चावत न्हाई ना, बाई?" एकदा विचारलं तिनं. मी म्हणाले, "ह्याला विषच नाही." खरं सांगितलं असतं तर ती आत आली नसती — आणि मला कुणीतरी यायला हवं होतं. मी धीट आहे, शिकलेली आहे, हे बघायला. मंग ती रोज यायची. साप मनगटावर घेऊन हसायची. त्या घरात तिला हसताना मी फक्त तेव्हाच पाहिलं.

एका संध्याकाळी तिनं हातानंच पाल दिली. सापानं पालीऐवजी तिचं बोट धरलं, आणि सोडेना. चावत राहिला. बोट सोडवेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजायला लागला होता. डॉक्टर आले, म्हणाले, जिवाला धोका नाही. पण अंगण माणसांनी भरलं होतं. चाचाही धावत आले होते.

काकूंच्या यजमानांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हो, बाई?"

"लतीफचाचांनीच सांगितलं होतं," मी म्हणाले, "ह्याला विष नाही म्हणून."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग गर्दीतून वाट काढत बाहेर पडले. त्या दिवसांत परतुरात मास्तरणीच्या शब्दापुढं लतीफ नावाच्या माणसाचा शब्द किती टिकला असता? ते त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं — म्हणून तर मी त्यांचं नाव घेतलं.

घाबरले होते म्हणू नका. नव्हते. नोकरी, खोली, अब्रू — सगळ्याचा विचार एका श्वासात करून बोलले. पहाटे साप रुळांपलीकडच्या काटेरी कुंपणात सोडून आले. त्याला कुणी मारू नये एवढी काळजी मी घेतली. चाचांना मात्र कुणी माळवदावर चढू देईना. पोळ्याच्या आत ते बायकोमुलांसह गाव सोडून गेले. यमुनानं माझ्यावरच विश्वास ठेवला. हात बरा झाल्यावर त्याच हातानं माझ्यासाठी धपाटे करून आणले. मी खाल्ले.

साप पाळल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा सापडला तर पुन्हा पाळीन.

पुढं दोन वर्षांनी अंबडच्या बाजारात चाचा दिसले. डोक्यावर मातीची पाटी, दाढी पांढरी झालेली. पाटी उतरवून त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला.

"बाई, यमुनाताईंचा हात बरा हाये ना आता?"

माझ्याबरोबर शाळेतल्या दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कोण हो हे?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले — चाचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं — आणि पुढं चालू लागले.