दोन इंचांचा कल

अंगणातली घडा ओतणारी सिमेंटची बाई दोन इंच मागे कलली होती. वाऱ्याने पडली तर हात तरी जाणार, नाहीतर नाक. म्हणून मी चौथऱ्यात सळई रोवायला घेतली, सिमेंट कालवलं आणि तिला सरळ उभी करायला ओळंबा लावला.

बायको म्हणाली, "अहो, ती मागे रेललीय म्हणून तर घड्यात पाणी साठतं. सरळ केलीत, तर बुलबुलांनी काय तुमच्या ओळंब्यातून प्यायचं?"

वाकून पाहिलं. घड्यात चार बोटं पाणी होतं. ओतायला घडवलेली बाई इतकी वर्षं पाणी राखत होती. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. पण पक्कं करायला सरळच करावं लागतं असं थोडंच आहे?

मी सळईच तिच्या कलाइतकी वाकवली आणि सिमेंट भरलं. आता बाई हलत नाही. आज सकाळी दोन बुलबुल येऊन पाणी पिऊन गेले.