शिवरामचा निरोप

दंडारीतला जोकर म्हून अख्ख्या लाखांदूर तालुक्यात माया जोडीचा माणूस झाला नाही. तालुक्याले हे अजून ठाऊक नाही, ते सोडा.

आतं जे सांगून राहिलो ते कालपर्यंत कोणाले सांगतलो नव्हतो. बायकोले नाही, पोराले नाही. तीस वर्ष! त्यात हसाचं काही नव्हतं, म्हून राहून गेलं असंन — नाही, हे बी खोटं. भेव वाटे, म्हून राहिलं.

शाळेत मी गेलो नाही. अक्षरं म्हंजे मले धानाच्या बांधीतले बगळे, दुरून सारे सारखेच. तरी मायं एक खोटं पुस्तकात छापून हाये. शिकलेल्याईले जमत नाही, ते मले जमलं.

तर भाऊ, आमच्या दिघोरीचा शिवराम फौजेत होता. बांगलादेशच्या लढाईवरून घरी आला. हातपाय साबूत — पण फटाका फुटला का धाडकन भुईवर पडे. दिवाळी झाली, गावची जत्रा म्हंजे मंडई भरली. मंडईले दुपारी नाचगाण्या-सोंगाची दंडार होते, अन् जोकरानं गावातल्या एकाची नक्कल काढाची, हा आमचा रिवाज. ज्याची काढली त्यानं रागवाचं नाही. त्या साली मी शिवरामची काढलो. फटाका फोडलो अन् पडलो तोंडावर, बुड आभायात. मंडई हसून हसून लोटपोट. शिवराम पुढंच बसला होता. तो बी हसला — हसला ना? मले तर तसंच दिसलं. तसंच दिसावं म्हून मी त्याच्याकडं जास्त पाहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकायी तोंडाचा रंग धुवाले तलावावर गेलो. शिवराम पेटी घेऊन पायवाटेनं जाऊन राहिला होता. म्हणे, "सोमा, घरी सांगजो, मी कामाले जाऊन राहिलो. मायले म्हणजो, चिठ्ठी टाकीन."

मी नाही सांगतलो. काहून? घरच्याईनं विचारलं असतं — काल हसत होता, आज काहून गेला? मंग सारे माया तोंडाकडं पाहते. म्हटलो, उद्या सांगू. उद्या लोकं तलावात गळ टाकून त्याले शोधून राहिले होते. मी बी काठावर उभा राहून शोधलो. चिठ्ठी काही आली नाही. माय दाराकडं पाहत पाहत गेली.

मंग जिल्हा तुटला, गोंदिया अलग झाला, त्याच सुमारास नागपूरचे एक लेखकसायेब आले. लढाईवरून आलेला फौजी गायब कसा झाला, यावर त्याईले रहस्याची कादंबरी लिहाची होती. लोकाईनं मायाकडं पाठवलं — सोमा बोलतो चांगला म्हणे. सायेबानं चहा पाजला, भजे खिलवले. तवा तरी खरं बोलाचं ना? मी म्हणलो, "शिवराम अन् त्याचा मोठा भाऊ, दोघाईत वावराच्या धुऱ्यावरून भांडण होतं, सायेब." एवढंच नाही — कुऱ्हाड बी मीच मनानं काढलो. सायेबाचे डोये चमकले, अन् मले टाळ्या भेटल्यासारखं वाटलं.

पुस्तक आलं. सूनबाईनं वाचून दाखवलं. गावाचं नाव बदललं, माणसाईचे बदलले. पण मोठा भाऊ धाकट्याले मारून बांधीत गाडते. दिघोरीले समजाले किती वेळ? शिवरामचा मोठा भाऊ नथ्थूभाऊ, सत्तरीचा माणूस. औंदा त्याच्या धानाच्या रोवणीले एक बाई जाईना. चिखलात हाड लागंन म्हणत. तो अन् त्याची म्हातारी, दोघंच वाकून रोवून राहिले होते.

काल मी त्याच्या बांधीत उतरलो. सारं सांगतलो — निरोप, भांडण, कुऱ्हाड. नक्कल तर त्यानं डोयानं पाहिलीच होती. त्यानं हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपाईची, पेंडी काही खाली ठेवली नाही. रोवतच राहिला. मी थांबलो तवा कंबर सरळ केली अन् म्हणे,

"नक्कल बी खोटीच होती तुयी. फटाका फुटला का शिवराम मायले पोटाखाली घेऊन पडे. एकटा कधी नाही पडला तो. हट आतं, पऱ्हे तुडवून राहिला."